विस्मरण कोणाचे?

बंगळुरास बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसास मल्लेश्वरम् या वस्तीची ओळख फार लवकर होते. कोणी घराच्या शोधात तिकडे जातो, कोणी फुले-भाजीच्या बाजारासाठी, तर कोणी काडु मल्लेश्वराच्या दर्शनास. या देवस्थानाशी निगडित असलेल्या इ. स. १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांनी देवास गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे, हे कळले म्हणजे परमुलखात अकस्मात् आपल्या गावचे कोणी भेटावे तसा आनंद होतो. इ. स. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या सैन्याने बंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे १६८७ पर्यंत भोसल्यांकडे राहिले. म्हणजे मराठी कारभारी कामानिमित्त बंगळुरास येऊन राहण्याची परंपरा पावणेचारशे वर्षांहून जुनी आहे, असे थट्टेने म्हणावयास हरकत नाही.

देवळाच्या परिसरात सायंकाळी वृद्ध मंडळी पाय मोकळे करावयास येतात. त्यांत कन्नडभाषी असतात, तमिळ व तेलुगू बोलणारे असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घराण्यांतील माणसेही असतात. नामदेव शिंपी, भावसार, आरे मराठे, म्हैसूर-तंजावरकडील देशस्थ अशी ही घराणी आहेत. त्यांची मराठी पुण्यामुंबईच्या मराठीहून निराळी आहे. तिच्यात जुनी वळणे टिकून राहिली आहेत आणि शेजारच्या भाषांचे पाणीही तिच्यात मुरले आहे. या मंडळींपैकी कित्येकांची मुले परदेशी किंवा परप्रांती असून घरी दोघेच, किंवा एकटेच कोणी, राहत असतात. येथून पायी अर्ध्या तासाच्या वाटेवर भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. तेथे माणसाचे बोलणे ऐकणारी, समजणारी आणि उलट बोलणारी यंत्रे घडविण्याचा उद्योग अनेक वर्षे चालू आहे, आणि त्याच आवारात माणसाच्या मेंदूस वार्धक्य कसे येते याचाही शोध घेतला जात आहे. भाषेचा अभ्यास, बुद्धिमान यंत्रांची विद्या आणि वार्धक्याचे शास्त्र ही तिन्ही एकमेकांजवळ कशी येत गेली, आणि त्यांतून आपल्यासारख्यांनी कोणता धडा घ्यावा, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

१९०९ हे साल बंगळूरच्या विद्याजीवनात मोठे योगाचे ठरले. त्या वर्षी जमशेटजी टाटांच्या संकल्पातून विज्ञान संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी इतिहास व संस्कृती यांच्या अभ्यासास वाहिलेली मिथिक सोसायटीही निघाली. एक संस्था निसर्गाचे नियम शोधणारी, दुसरी माणसाच्या स्मृती जपणारी. या दोघींस परस्परांची गरज लागेल, असे त्या वेळी कोणास सांगितले असते तर ते त्यास खरे वाटले नसते.

स्मृती जपण्याच्या कामाचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता, आणि तो घालणारा गृहस्थ एक सरकारी अधिकारी होता ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल. बेंजामिन लुईस राइस हे १८३७ मध्ये बंगळुरातच जन्मले. म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात शाळा तपासण्याच्या निमित्ताने गावोगाव फिरत असता वाटेवरचे कोरीव दगड त्यांच्या दृष्टीस पडू लागले. त्यांतून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेचा जन्म झाला. तिच्या बारा खंडांत नऊ हजारांच्या जवळपास लेखांची नोंद झाली. बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ मध्ये निघाला. आज त्यांतले कित्येक दगड वाढत्या शहराच्या पायाखाली गेले आहेत. जे उरले त्यांचे त्रिमिती चित्रण करण्याचे काम मिथिक सोसायटीने २०२१ पासून हाती घेतले आहे. प्रकाशकिरणांनी दगडाचा पृष्ठभाग केसाएवढ्या सूक्ष्मतेने मोजला जातो, आणि मग गणकयंत्राच्या पडद्यावर तिरपा प्रकाश पाडून झिजलेली अक्षरे पुन्हा उठून दिसतात. जे डोळ्यांस दिसत नव्हते ते यंत्र दाखविते. पण दिसलेल्या रेघेस ‘ळ’ म्हणावे की ‘ल’, हे ठरविण्यास मात्र जुनी कन्नड जाणणारा मनुष्यच लागतो. झिजलेल्या अक्षराचा अर्थ लागला नाही तर आपण दगडास विसराळू म्हणत नाही. आपल्याला वाचता आले नाही असे म्हणतो. हा साधा न्याय वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

दगडांची नोंद झाली तशीच जिवंत बोलींची नोंद जॉर्ज ग्रियर्सन यांनी केली. तेही सरकारी अधिकारीच. त्यांच्या हिंदुस्थानच्या भाषिक पाहणीस १८९४ मध्ये आरंभ झाला व तिचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. पद्धत मोठी सोपी होती. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक जिल्ह्यात पाठवावयाची आणि ती तेथील बोलीत उतरवून मागवावयाची. हे काम जिल्ह्याजिल्ह्यांतील अंमलदारांनी केले. एकच कथा शेकडो बोलींत आल्यामुळे तुलना करणे सुलभ झाले. तथापि या पाहणीस एक मोठी मर्यादा पडली. मद्रास इलाखा आणि म्हैसूर व हैदराबाद ही संस्थाने तीत आली नाहीत. म्हणजे बंगळूरच्या शिंप्याच्या घरची किंवा तंजावरच्या देशस्थाच्या माजघरातली मराठी जागच्या जागी ऐकून टिपण्याचा योग त्या पाहणीत आलाच नाही. बृहन्महाराष्ट्राच्या बोली अशा रीतीने प्रथमच नोंदीबाहेर राहिल्या.

यंत्रास मनुष्याची भाषा शिकविण्याचा विचार आपल्याकडे जोर धरू लागला तो १९८० नंतर. जपानने १९८२ मध्ये ‘पाचव्या पिढीच्या’ गणकयंत्रांचा कार्यक्रम सुरू केला आणि जगभर चुरस लागली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ज्ञानाधिष्ठित गणकप्रणालींचा एक राष्ट्रीय कार्यक्रम आखला. बंगळूरची विज्ञान संस्था हे त्याचे एक केंद्र होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंगळुरात एक अपूर्व परिषद भरली. संस्कृतातील ज्ञानरचना आणि अनुमानपद्धती यांवर विचार करण्यासाठी व्याकरण व न्याय यांचे पंडित आणि गणकशास्त्रज्ञ एकत्र बसले. तिचे निमित्त रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकाचा १९८५ चा एक निबंध हे होते. ब्रिग्ज नासाच्या एका संशोधनकेंद्रात काम करीत असल्यामुळे पुढे ‘संस्कृत ही गणकयंत्रास सर्वांत योग्य भाषा असल्याचे नासाने जाहीर केले’ अशी वदंता पसरली आणि ती अद्याप पसरतेच आहे. वस्तुतः नासाने असे काहीही जाहीर केलेले नाही. ब्रिग्जचे म्हणणे याहून मर्यादित आणि याहून मोलाचे होते. क्रियापद मध्यभागी ठेवून कर्ता, कर्म, करण, संप्रदान असे त्याचे संबंध दाखविण्याची आपल्या शास्त्रकारांची रीत आणि यंत्रात अर्थ साठविण्याची नवी रीत यांत त्याला विलक्षण साम्य आढळले.

या कारकविचाराचे महत्त्व मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. लहानपणी विभक्तीचे प्रत्यय घोकताना आपण सर्वांनी छडीचा प्रसाद घेतलेला आहे. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो. मराठीत ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ यांत मारणारा बदलत नाही, कारण नाते प्रत्ययात आहे. म्हणून इंग्रजीवर पोसलेले यंत्र जसेच्या तसे आपल्या भाषांस लागू पडत नाही. पाणिनीच्या मार्गाने भारतीय भाषांची यंत्ररचना करण्याचे काम पुढे कानपूरच्या आय. आय. टी.त राजीव संगल, विनीत चैतन्य प्रभृतींनी नेटाने केले. व्याकरण ही केवळ पाठशाळेतील विद्या नसून यंत्रविद्येचीही पायरी आहे, हे या काळात अनेकांस पटले.

यानंतरचे पाऊल अधिक लोकाभिमुख होते. १९९८ च्या सुमारास विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि बंगळूरच्या एका कंपनीतील अभियंते यांनी ‘सिंप्युटर’ या हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्राची कल्पना मांडली. २००१ मध्ये त्याचा पहिला नमुना लोकांपुढे आला आणि २००४ मध्ये ते विक्रीस आले. ज्यास वाचता येत नाही त्याच्याशी यंत्राने त्याच्या भाषेत बोलावे, हे त्यामागचे सूत्र होते. लिखित मजकूर वाचून दाखविणारी ‘ध्वनि’ नामक प्रणाली रमेश हरिहरन यांनी यासाठीच रचली. सिंप्युटरचा खप अपेक्षेच्या मानाने फारच थोडा झाला आणि पुढे आलेल्या मोबाइल फोनांच्या लाटेत तो वाहून गेला. पण त्यामागचा विचार वाहून गेला नाही. अक्षर येत नाही म्हणून मनुष्य ज्ञानास पारखा होऊ नये, हे त्या काळी निरक्षरांसाठी म्हटले गेले होते. आज दृष्टी मंदावलेल्या, बोटे थरथरणाऱ्या वृद्धांस तेच वाक्य तंतोतंत लागू पडते.

यंत्राने ऐकावे कसे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आपला आवाज यंत्र सेकंदाच्या शतांशाएवढ्या तुकड्यांत चिरते, प्रत्येक तुकड्याचे आकडे बनविते आणि पूर्वी ऐकलेल्या हजारो तासांच्या बोलण्याशी ते ताडून पाहते. जेथे संशय येतो तेथे ते पूर्वी अधिक वेळा ऐकलेल्या शब्दाचा कौल देते. यामुळे जो शब्द त्याने कधी ऐकलाच नाही तो कितीही स्पष्ट उच्चारला तरी त्याच्या लेखी तो नसतोच. त्याच्या जागी कोणता तरी ओळखीचा शब्द बसतो. वृद्धांचे बोलणे सावकाश, कंपित, मध्येच थांबणारे. दात गेल्याने उच्चारही बदललेले. त्यात बोली जुनी. यंत्राच्या शिदोरीत असे बोलणे थोडे असल्यामुळे नेमके येथेच ते अधिक चुकते.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे प्रयत्न बंगळुरातच चालले आहेत. विज्ञान संस्थेच्या विद्युत् अभियांत्रिकी विभागात ‘रेस्पिन’ व ‘सिस्पिन’ या उपक्रमांतून नऊ भारतीय भाषांतील बोलण्याचे संग्रह तयार झाले. त्यांत कन्नड व तेलुगूबरोबर मराठी आहे, आणि भोजपुरी, मगही, मैथिली व छत्तीसगढी यांसारख्या सहसा मागे राहणाऱ्या भाषाही आहेत. गूगल कंपनीच्या साहाय्याने २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘वाणी’ या उपक्रमाचा संकल्प तर देशातील प्रत्येक जिल्ह्याचा आवाज टिपण्याचा आहे. ग्रियर्सनने कथा पाठविली होती. ‘वाणी’ चित्र दाखविते. समोर एक चित्र ठेवावयाचे आणि ‘यात काय दिसते ते तुमच्या बोलीत सांगा’ असे म्हणावयाचे. लिहिलेले वाचून दाखविताना माणूस पुस्तकी होतो. चित्र पाहून बोलताना तो आपल्या घरच्या भाषेत येतो.

आता गंमत अशी की, चित्र दाखवून बोलावयास लावण्याची हीच युक्ती वैद्यकशास्त्र एका निराळ्याच कामासाठी कित्येक वर्षे वापरीत आले आहे. अमेरिकेत १९७२ पासून प्रचलित असलेल्या एका वाचापरीक्षेत स्वयंपाकघराचे चित्र आहे. मुलगा तिवईवर चढून बिस्किटांची बरणी हस्तगत करीत आहे, तिवई कलंडते आहे, आणि आई बशा पुसण्याच्या नादात असल्यामुळे मोरीतले पाणी भरून वाहते आहे. रुग्णाने हे वर्णन करताना किती वेळा अडखळले, शब्द आठवला नाही म्हणून ‘ते’, ‘हे’ असे किती वेळा म्हटले, कोणता तपशील सोडला, यांवरून स्मृतिभ्रंशाची चाहूल घेता येते. हल्ली ही मोजदाद यंत्रावर सोपविण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. म्हणजे भाषाशास्त्रज्ञ आणि मेंदूचा वैद्य हे दोघेही वृद्धापुढे चित्रच ठेवतात. एकास त्याची बोली हवी असते, दुसऱ्यास त्याची स्मृती. पण पहिल्याचे काम पुरे झाल्यावाचून दुसऱ्याचे काम खरे होऊ शकत नाही, हेच आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार आहे.

ते कसे, हे एका प्रत्यक्ष प्रसंगावरून सांगतो. आमच्या एका सहकाऱ्यांच्या मातोश्री, वय ब्याऐंशी, बेळगावकडच्या. पतिनिधनानंतर मुलाकडे बंगळुरास आल्या. त्यांच्या विसराळूपणाची शंका येऊन त्यांची एके ठिकाणी परीक्षा झाली. परीक्षक तरुण, सभ्य, पण मराठीचा गंध नसलेला. हाती पाटीसारखे यंत्र. आजची तारीख विचारली तेव्हा मातोश्रींनी भाद्रपद वद्य षष्ठी सांगितली. ती बरोबर होती. यंत्रात तिच्यासाठी रकाना नव्हता. पुढे चित्रातले कपाट दाखविले तेव्हा त्या ‘फडताळ’ म्हणाल्या. तेही लिहिले गेले नाही. कागदावर गुण आले ते चिंता वाटावी असे. मुलाने पुढे मराठी व कन्नड दोन्ही जाणणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेले, तेव्हा निम्मी चिंता मिटली. निम्मी मात्र खरीच होती. त्यांना थोडे विस्मरण होऊ लागलेच होते. पण त्या कागदात त्यांचे विस्मरण किती आणि परीक्षकाचे अज्ञान किती, हे वेगळे काढण्यास कोणतेही साधन नव्हते.

हा प्रश्न नवा नाही, आणि भारतीय संशोधकांनी तो ओळखलाही आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली स्मृतिपरीक्षा जगभर वापरली जाते. तीत एक सूचना वाचून तीप्रमाणे डोळे मिटावयाचे असतात, एक वाक्य लिहावयाचे असते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय व अमेरिकन संशोधकांनी वृद्धांची पाहणी आरंभिली तेव्हा समोर बहुसंख्य निरक्षर माणसे होती. त्यांनी परीक्षाच बदलली. वाचावयास देण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे म्हणून परीक्षक स्वतः डोळे मिटी. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हिंदी परीक्षा म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. वृद्धाच्या ज्ञानाची पातळी कमी नसून जात निराळी आहे, ही तीमागची जाणीव होती.

बंगळुरात या विद्येची परंपरा जुनी आहे. १८४७ मध्ये मनोरुग्णांचे इस्पितळ म्हणून सुरू झालेल्या संस्थेचे १९७४ मध्ये ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झाले. विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र निघाले. या केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात एक दीर्घ अभ्यास मांडला आहे. आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यातील पंचेचाळीस वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी करावयाची आणि कोणाच्या मेंदूस वार्धक्य कसे येते ते पाहावयाचे, असा हा संकल्प आहे. त्यास जोड म्हणून बंगळूर शहरातही असाच अभ्यास चालतो. या भागात घरी तेलुगू आणि बाजारात कन्नड बोलणारी माणसे विपुल. युरोपातल्या सुशिक्षित नागरिकासाठी घडविलेली परीक्षा तेथे चालणार नाही, हे संशोधकांस आरंभापासूनच ध्यानात घ्यावे लागले.

या कामाची निकड आकड्यांवरून कळेल. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीशी संलग्न अशा अभ्यासातून, साठीपुढील माणसांत शेकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या माणसांस पुरतील इतके तज्ज्ञ वैद्य देशात नाहीत. म्हणून परीक्षा यंत्राकडे जाणार, औषधाची आठवण यंत्र देणार, वृद्ध पडला तर हाक यंत्रच ऐकणार, हे उघड आहे. आम्ही या यंत्रांच्या विरुद्ध नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धास कोणावर भार न होता आपल्या घरी राहता आले तर त्याहून मोठा उपकार कोणता? पण त्या हाकेतला शब्द यंत्रास कळला पाहिजे.

परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांस दिलासा देणारे एक संशोधन येथे सांगावेसे वाटते. डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांचे सहकारी यांनी हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेत ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले की, एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मानाने दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला, आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. डॉ. अल्लाडी पुढे बंगळूरच्या निम्हान्समध्ये आल्या. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि सर्वच संशोधकांस हे निष्कर्ष मान्य आहेत असेही नाही. तरीही विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जी आजी एका वाक्यात मराठी क्रियापद, कन्नड नाम आणि हिंदी अव्यय वापरते तिला आपण ‘भाषा बिघडली’ म्हणून हसतो, आणि एकभाषी यंत्र तर तिला दोषच देते. जी तिच्या मेंदूची मिळकत असण्याचा संभव आहे, तीच यंत्राच्या वहीत कर्जाच्या बाजूस मांडली जाते.

सरकारी नोकरांस याचा एक लहानसा अनुभव दर नोव्हेंबरात येतो. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ योजना निघाली आणि बोटाचा ठसा यंत्रावर ठेवून घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. सोय खरीच मोठी. परंतु वयोमानाने बोटांच्या रेषा झिजतात. कित्येक वृद्धांचे ठसे यंत्राने नाकारले आणि समोर जिवंत उभ्या असलेल्या माणसास आपण जिवंत आहो हे सिद्ध करता येईना. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. दोष बोटांचा नव्हता. झिजलेली बोटे यंत्र घडविताना कोणी विचारात घेतली नव्हती.

आणि यंत्रास किती ऐकू द्यावे, हा प्रश्नही बंगळुरातील एका वृद्धानेच देशापुढे मांडला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीतूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुट्टस्वामी २०२४ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. वृद्धाच्या घरात रात्रंदिवस कान लावून बसणारे यंत्र ठेवताना त्याची संमती मुलाच्या सहीने मिळते असे मानणाऱ्यांनी या निर्णयाचे स्मरण ठेवावे. देखरेखीखाली सुरक्षित असणे आणि स्वावलंबी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग आपण करावे काय? ग्रियर्सनच्या पाहणीत जिल्ह्याजिल्ह्यांतील अंमलदारांनी बोली जमविल्या. आपणही अंमलदारच आहो. आणि ज्या बोली त्या पाहणीत सुटल्या त्या आपल्या घरांतून व शेजारांतून अद्याप बोलल्या जात आहेत. सुटीत आईवडिलांपाशी, सासूसासऱ्यांपाशी बसावे. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. जुने स्वयंपाकघर, पेरणी, लग्न, बाळंतपण, प्रवास यांविषयी बोलते करावे. जन्मगाव, जन्मसाल आणि कोणकोणत्या भाषा येतात हे टिपून ठेवावे. ज्या शब्दाचा अर्थ आपल्यालाच कळला नाही त्याखाली रेघ मारावी आणि तेथल्या तेथे विचारावे. असे संग्रह आपल्या महाराष्ट्र मंडळांनी एकत्र करावेत आणि योग्य अटींवर संशोधकांस द्यावेत. यास फार पैसा लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि वृद्धांपाशी तो थोडा उरलेला असतो.

आमच्या सहकाऱ्यांच्या मातोश्रींचे सध्या बरे चालले आहे. काही नावे विसरतात, काही प्रसंग दोनदा सांगतात. मुलाने त्यांचे शब्द एका वहीत लिहावयास घेतले आहेत. परवा वही चाळताना त्या हसून म्हणाल्या, “हे सगळे लिहून ठेवतोस ते बरे, पण तुला यातले निम्मे ठाऊक नव्हते, हेही वर लिहून ठेव.” मुलाने पहिल्या पानावर तसे लिहिले आहे.